महारोग, संशोधन आणि रुग्णाची अनुमती

सन १८७३ हे वर्ष कुष्ठरोगाच्या इतिहासात दोनदा नोंदले गेले आहे. २८ फेब्रुवारी रोजी नॉर्वेतील बर्गन शहरी गेरहार्ड आर्मौअर हान्सेन या एकतीस वर्षांच्या डॉक्टरांनी एका रुग्णाच्या गाठीतून घेतलेला अंश सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला आणि त्यात त्यांना काडीच्या आकाराचे जिवाणू दिसले. त्याच वर्षी १० मे रोजी हवाई बेटांपैकी मोलोकाई या बेटावर तेहतीस वर्षांचे एक बेल्जियन धर्मगुरू बोटीतून उतरले. त्यांचे नाव फादर डेमियन. एकाने रोगाकडे पाहिले, दुसऱ्याने रोग्याकडे. आणि दोघांच्या मध्ये अर्ध्या पृथ्वीचे अंतर होते.

फादर डेमियन यांचे चरित्र आपल्या धर्मग्रामांतील मुलांनाही ठाऊक असते. ४ जून १९९५ रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी त्यांना ब्रुसेल्स येथे धन्यवादित घोषित केले आणि ११ ऑक्टोबर २००९ रोजी पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी त्यांना संतपद बहाल केले. हान्सेन यांचे नाव मात्र आपल्या वेदीवरून कधी उच्चारले जात नाही. आपण संतांची चरित्रे वाचतो. ज्या औषधाने पुढे लाखो लोकांना बरे केले, त्या औषधाचे चरित्र आपण वाचत नाही. ते थोडे सांगावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे. ते वाचताना एक प्रश्न मात्र मला पानोपानी अडवत राहिला. हे संशोधन कोणाच्या देहावर झाले, आणि त्या माणसाला कोणी विचारले होते काय?

एकोणिसाव्या शतकात नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावर हा रोग कोळी व शेतकरी कुटुंबांत मोठ्या प्रमाणावर होता. १८५६ साली त्या देशाने कुष्ठरुग्णांची राष्ट्रीय नोंदवही सुरू केली. बर्गनचे ज्येष्ठ वैद्य डॅनियलसन हे रोग आनुवंशिक आहे असे मानत. आपले म्हणणे पटवून देण्यासाठी त्यांनी रुग्णाच्या गाठीतील द्रव स्वतःच्याच अंगात टोचून घेतला. त्यांना रोग झाला नाही. हान्सेन हे त्यांचेच सहकारी आणि पुढे जावई. त्यांनी नोंदवही व सूक्ष्मदर्शक यांच्या आधारे सांगितले की हा रोग रक्तातून वारशाने येत नाही, तो जिवाणूमुळे होतो आणि एकाकडून दुसऱ्याकडे जातो.

पण सिद्ध कसे करायचे? जिवाणू प्रयोगशाळेत वाढवून दाखवावा लागतो, नंतर तो प्राण्याला देऊन रोग उत्पन्न करावा लागतो. कुष्ठरोगाचा जिवाणू काचेच्या बशीत वाढत नाही. तो आजही वाढत नाही, ही गोष्ट ऐकून पुष्कळांना नवल वाटेल. सशांवरचे प्रयोगही फसले. अखेर १८७९ साली हान्सेन यांनी रुग्णालयातील एका स्त्रीच्या डोळ्यात दुसऱ्या रुग्णाच्या गाठीत बुडवलेले अणकुचीदार हत्यार टोचले. तिला वेगळ्या प्रकारचा कुष्ठरोग होता, आणि तिच्या शरीरात आपल्याला हवा तो प्रकार उत्पन्न होतो का, हे त्यांना पाहायचे होते. त्यांनी तिची अनुमती घेतली नव्हती. विचारले असते तर ती नाही म्हणाली असती, म्हणून विचारले नाही, अशा अर्थाची कबुली त्यांनी नंतर दिली. १८८० साली बर्गनच्या न्यायालयाने त्यांना दोषी ठरवून रुग्णालयातील वैद्याच्या पदावरून दूर केले. देशाच्या कुष्ठरोग-अधिकाऱ्याचे पद मात्र त्यांच्याकडेच राहिले.

या निकालाचे मोल मला फार वाटते. त्या काळी एका गरीब, रुग्ण, खेड्यातून आलेल्या स्त्रीची तक्रार न्यायालयाने ऐकून घेतली आणि जगप्रसिद्ध होऊ घातलेल्या संशोधकाला दंडित केले.

हवाईत असे घडले नाही. तेथे १८८४ साली एदुआर्द आर्निंग या जर्मन डॉक्टरांनी फाशीची शिक्षा झालेल्या एका कैद्याच्या हातात कुष्ठरोग्याची गाठ बसवली. मोबदला म्हणून त्याची फाशी रद्द होऊन जन्मठेप झाली. मरण की सुई, असा पर्याय समोर ठेवल्यावर मिळालेल्या होकाराला अनुमती म्हणावे काय, हे वाचकांनीच ठरवावे. काही वर्षांत त्या कैद्याला रोग झाला. परंतु त्याच्या नातलगांतही रुग्ण होते असे उघडकीस आले आणि शास्त्राच्या दृष्टीने तो पुरावा कुचकामी ठरला.

हेच डॉ. आर्निंग फादर डेमियन यांना तपासणारे वैद्य होते. १८८४ च्या डिसेंबरात फादरांनी थकलेले पाय धुण्यासाठी पाण्यात घातले. पाणी उकळते होते, कातडी सोलवटली, आणि त्यांना काहीच जाणवले नाही. मोलोकाईवर आल्यापासून प्रवचनात ते श्रोत्यांना 'माझ्या बंधूंनो' असे न संबोधता 'आम्ही कुष्ठरोगी' असे म्हणत असत. आता ते अक्षरशः खरे झाले. १५ एप्रिल १८८९ रोजी, वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी ते मरण पावले. त्यांनी शवपेट्या बनवल्या, घरे बांधली, पाण्याचे नळ आणले, जखमा धुतल्या. जपानी पद्धतीच्या औषधी स्नानांचा उपचारही त्यांनी स्वतःवर व इतरांवर करून पाहिला. त्यांच्या हातून रोग बरा झाला नाही, कारण जगात कोणाकडेच तेव्हा औषध नव्हते. हे लिहिताना त्यांच्या थोरवीला मी उणेपणा आणत आहे असे कोणी समजू नये. करुणा रुग्णाजवळ जाऊन बसते, ही गोष्ट औषध सापडण्याआधीची आहे आणि नंतरचीही.

औषध म्हणून जे काही होते ते आपल्याच बाजूचे होते. कोकणात आणि गोव्यात ओढ्याकाठी कडू कवठाचे झाड आढळते. सुश्रुतसंहितेत ज्याला तुवरक म्हटले आहे ते हेच, असे मानले जाते. याच्या व याच कुळातील पूर्वेकडील चौलमुगरा नावाच्या झाडाच्या बियांचे तेल कुष्ठरोगावर देत. १८५४ साली कलकत्त्याचे डॉ. मोआट यांनी ते पाश्चात्त्य वैद्यकाच्या नजरेस आणले. तेल पोटात घेतले की मळमळून उलटी होई, आणि सुईने टोचले तर कातडीखाली गोळा होऊन अतोनात वेदना होत. १९१५ च्या सुमारास हवाई येथील ॲलिस बॉल या तरुण कृष्णवर्णीय रसायनशास्त्रज्ञ स्त्रीने त्या तेलातील आम्लांपासून टोचता येईल असे द्रव्य तयार केले. १९१६ च्या अखेरीस, वयाच्या अवघ्या चोविसाव्या वर्षी ती वारली. तिची पद्धत दुसऱ्याच्या नावावर प्रसिद्ध झाली आणि तिचे श्रेय तिला मिळण्यास बरीच दशके जावी लागली. त्या द्रव्याने काहींना आराम पडला, बऱ्याच जणांना पडला नाही.

याच काळात मुंबईत काय चालले होते? १८९० साली माटुंग्याला बेघर महारोग्यांसाठी आश्रयगृह उघडले गेले. वडाळ्याचे आजचे ॲक्वर्थ रुग्णालय ते हेच. ज्यांच्या नावाने ते ओळखले जाते ते एच. ए. ॲक्वर्थ मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर होते. मराठी वाचकांनी त्यांची आठवण आणखी एका कारणासाठी ठेवायला हवी. शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्यासह त्यांनी मराठी पोवाडे गोळा करून १८९१ साली छापले. शाहिरांची लुप्त होऊ घातलेली वाणी जपणारा आणि रस्त्यावरच्या महारोग्यांना छप्पर देणारा साहेब एकच होता. मात्र ते छप्पर कुंपणासह आले होते. १८९८ च्या कायद्याने भीक मागणाऱ्या कुष्ठरोग्याला पकडून कोंडण्याचा अधिकार सरकारला दिला. तो कायदा आपल्या संसदेने रद्द केला तो २०१६ साली.

कुंपणाच्या बाबतीत ख्रिस्तसभेनेही हात झटकू नयेत. ११७९ च्या तिसऱ्या लॅटरन परिषदेने कुष्ठरोग्यांना स्वतःचे प्रार्थनामंदिर आणि दफनभूमी असावी असे ठरवले. ते सोयीसाठी होते, दयेपोटी होते, तरी त्याचा अर्थ वेगळेपणाच होता. पुढे युरोपात काही ठिकाणी रुग्णाला समाजातून वेगळे काढण्याचा विधीच होऊ लागला. जिवंत माणसाला काळ्या कापडाखाली गुडघे टेकायला लावून मृतांसाठीच्या प्रार्थना म्हणत आणि त्याच्या पायांवर स्मशानातली माती टाकत.

औषध अखेर सापडले ते अमेरिकेतील लुइझियाना प्रांतात, कारव्हिल येथे. मिसिसिपी नदीकाठच्या एका ओसाड मळ्यात १८९४ साली रुग्णांना आणून ठेवले होते. १८९६ पासून संत विन्सेंट द पॉल यांच्या परंपरेतील 'डॉटर्स ऑफ चॅरिटी' या धर्मभगिनी तेथे सेवा करू लागल्या. रुग्ण तेथे आला की बहुधा नवे नाव धारण करी, म्हणजे गावाकडच्या कुटुंबाला कलंक लागू नये. त्यांना मतदानाचा अधिकारही नव्हता. अशा जागी मार्च १९४१ मध्ये डॉ. गाय फॅजेट यांनी प्रोमिन हे सल्फोन गटातील औषध काही रुग्णांना शिरेतून देऊन पाहिले. ते रुग्ण स्वेच्छेने पुढे आले होते. सुरुवातीला फरक दिसेना. मग महिन्यांमागून महिने व्रण भरू लागले. तेथील सिस्टर हिलरी रॉस या धर्मभगिनींनी औषधशाळा आणि प्रयोगशाळा सांभाळली, रक्ताच्या चाचण्या केल्या, आणि कुष्ठरोगाच्या जीवरसायनशास्त्रावर स्वतः शोधनिबंध लिहिले. धर्मभगिनी म्हटले की आपल्याला पट्टी बांधणारे हात आठवतात. त्याच हातांत परीक्षानळी होती, हे आपल्या मुलींना सांगायला हवे.

प्रोमिन महाग होते आणि रोज शिरेतून टोचावे लागे. त्याचे मूळ द्रव्य डॅप्सोन. ते १९०८ सालीच तयार झाले होते, पण कुष्ठरोगासाठी कोणी वापरले नव्हते. १९४६ च्या सुमारास मद्रासजवळ चेंगलपट्टू येथे डॉ. रॉबर्ट कॉक्रेन यांनी ते सुईने दिले, आणि लवकरच नायजेरियात डॉ. जॉन लो यांनी दाखवले की डॅप्सोनची गोळी तोंडाने घेतली तरी चालते. गोळी अतिशय स्वस्त होती. कुंपण मोडले ते या गोळीने. रुग्णाला कोंडून ठेवण्याचे कारणच उरले नाही. वर्ध्याच्या गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठानात डॉ. र. वि. वारदेकर यांनी १९५१ नंतर पाहणी, शिक्षण व उपचार अशी पद्धत बसवली आणि कार्यकर्ते घरोघरी जाऊ लागले. देशाच्या पुढील कुष्ठरोग-कार्यक्रमाचा पाया तो होता. त्याच सुमारास बाबा आमटे कलकत्त्याला कुष्ठरोगाचे शिक्षण घेत असता त्यांनी जिवाणू वाढवण्याच्या प्रयोगासाठी आपला देह देऊ केला आणि जिवाणू टोचून घेतले. रोग झाला नाही. हान्सेन यांच्या सुईशेजारी ही सुई ठेवून पाहावी.

वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी आणखी एक समज दूर केला. बोटे रोगाने गळून पडतात असे लोक मानत. वस्तुतः जिवाणू मज्जातंतूंना इजा करतो, वेदना नाहीशी होते, आणि बधिर हाताला भाजल्याचे किंवा कापल्याचे कळत नाही. जखमा चिघळून बोटे झिजतात. फादर डेमियन यांच्या उकळत्या पाण्याचा अर्थ असा साठ वर्षांनी उलगडला. वेदना ही शिक्षा आहे असे आपण पुष्कळदा बोलून जातो. या रुग्णांना ती मिळाली असती तर त्यांनी तिचे आभार मानले असते.

डॅप्सोनचा आनंद पुरती दोन दशकेही टिकला नाही. अमेरिकेतील शेपर्ड यांनी १९६० साली उंदराच्या तळपायात हा जिवाणू थोडाफार वाढतो असे दाखवले आणि त्या युक्तीच्या बळावर १९६४ साली मलेशियातील सुंगाई बुलो येथील रुग्णांत डॅप्सोनला न जुमानणारे जिवाणू सिद्ध झाले. सुदैवाने तोवर डब्लिनमध्ये डॉ. व्हिन्सेंट बॅरी यांच्या चमूने १९५४ साली क्लोफाझिमीन हे लाल रंगद्रव्य बनवले होते. ते क्षयासाठी होते. क्षयात निराशा झाली, कुष्ठरोगात ते उपयोगी पडले. १९६२ साली नायजेरियात ते रुग्णांना देण्यात आले. त्याने कातडी तांबूस काळपट होते, म्हणून लोक ते टाळत. रंग पाहून शेजारी रोग ओळखतील ही भीती. तिसरे औषध रिफॅम्पिसीन, इटलीतील प्रयोगशाळेत मातीतल्या जिवाणूपासून निघालेले. त्याच्या कुळाचे नाव एका गुन्हेगारी चित्रपटावरून ठेवले होते, हे जाता जाता. १९७० साली कळले की ते कुष्ठरोगाचे जिवाणू दिवसांत मारते. १९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी ही औषधे एकत्र देण्याची शिफारस केली. आता सहा महिने किंवा बारा महिने गोळ्या घेतल्या की रोग बरा होतो, आणि त्या फुकट मिळतात.

मुंबईच्या वाट्याचाही एक तुकडा या इतिहासात आहे. परळच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये १९५८ साली बापट, डॉ. कमल रणदिवे आणि डॉ. वि. रा. खानोलकर यांनी कुष्ठरुग्णाच्या गाठीतून एक जिवाणू वाढवला. तो नेमका कुष्ठरोगाचाच आहे काय यावर वाद झाला, परंतु पुढे डॉ. मधुकर देव यांनी त्यापासून लस तयार केली. चेंगलपट्टूच्या परिसरात झालेल्या मोठ्या चाचणीचा निष्कर्ष १९९८ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा या लसीने सुमारे ६५ टक्के संरक्षण दिल्याचे दिसले. तरी ती कपाटातच राहिली. याची खंत मला वाटते, आणि ती मराठी माणूस म्हणून वाटते हेही लपवत नाही.

२००५ च्या डिसेंबरात भारताने कुष्ठरोगाचे 'निर्मूलन' साधल्याचे जाहीर झाले. त्याचा अर्थ दहा हजारांत एकाहून कमी रुग्ण, एवढाच होता. लोकांनी मात्र रोग संपला असे ऐकले. २०२३ साली जगात १,८२,८१५ नवे रुग्ण नोंदले गेले आणि त्यांपैकी निम्म्याहून अधिक, म्हणजे एक लाखाहून जास्त, आपल्या देशात होते.

आता माझ्याच एका चुकीविषयी. ११ फेब्रुवारी २०२४ रोजी सामान्य काळातील सहावा रविवार होता, आणि जागतिक रुग्णदिनही. लेवीय ग्रंथातले वाचन आणि मार्कलिखित शुभवर्तमानातील कुष्ठरोग्याला स्पर्श करणारे प्रभू येशू, अशी त्या दिवसाची वाचने. मी सवयीने 'पापाचा कुष्ठरोग' या विषयावर प्रवचन केले. सेमिनरीत आम्हाला शिकवले होते की लेवीय ग्रंथातील मूळ हिब्रू शब्दात कापडावरचे आणि घराच्या भिंतीवरचे डागही येतात. म्हणजे तो शब्द आजच्या कुष्ठरोगाचे नाव नव्हेच. परीक्षेत मी ते लिहिले होते. वेदीवर विसरलो. मिस्सानंतर धर्मग्रामातील एक वयस्क गृहस्थ सॅक्रिस्टीत आले. दार लोटून घेऊन म्हणाले, "फादर, मी बारा महिने गोळ्या घेतल्यात. पंचवीस वर्षं झाली. आजाराचं नाव घेतलंत ते ठीक, पण पापाला तेच नाव का दिलंत?" त्यांच्या घरी पत्नीखेरीज कोणालाही हे ठाऊक नाही. हा प्रसंग मी त्यांच्या अनुमतीने, ओळख पटेल असे सारे गाळून लिहीत आहे.

शब्द काय करतात याचा पुरावा कायद्याच्या पुस्तकातही होता. २०१९ साली संसदेने पाच कायद्यांत दुरुस्ती केली तोपर्यंत कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण होते. त्या पाचांत आपल्या ख्रिस्ती विवाहांना लागू असलेला १८६९ चा कायदाही होता. औषध येऊन अडतीस वर्षे झाली होती.

संशोधन थांबलेले नाही. क्षयावरील बेडाक्विलीन या नव्या औषधाची ब्राझीलमध्ये कुष्ठरुग्णांवर चाचणी झाली असून तिचे निष्कर्ष आशादायक आहेत. आणि बॅरींचे लाल रंगद्रव्य हट्टी क्षयावर परत गेले आहे. पण आपल्या गावांना जवळचे संशोधन वेगळेच आहे. रुग्णाच्या घरच्यांना व शेजाऱ्यांना रिफॅम्पिसीनचा केवळ एक डोस दिला, तर पहिल्या दोन वर्षांत त्यांच्यातील नवे रुग्ण ५७ टक्क्यांनी कमी होतात, असे बांगलादेशातील चाचणीत २००८ साली दिसून आले. आपल्या पालघर जिल्ह्याला लागून असलेल्या दादरा-नगर हवेलीत २०१५ पासून हा उपाय राबवून पाहण्यात आला. २०१८ साली जागतिक आरोग्य संघटनेने त्याची शिफारस केली. त्या शिफारशीतच एक अट आहे. शेजाऱ्याला गोळी द्यायची तर ती का देतो हे त्याला कळणार, म्हणून आधी रुग्णाकडे जाऊन त्याची अनुमती घ्यायची. तो नाही म्हणाला तर शेजाऱ्यांपर्यंत जायचे नाही.

हे वाचल्यावर मी त्या गृहस्थांना भेटलो आणि विचारले, तुमच्या वेळी ही गोळी असती तर तुम्ही सांगू दिले असते का? ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "घरच्यांना द्या म्हटलं असतं, फादर. आळीत नको."